आटवलेलं पाणी

थोरली वस्ती, करमाडच्या पुढं
१६ फेब्रुवारी २०२५

बाणूबाई, पुंडलिकनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई,

तुझी आजी सारजा अजून जिती हाये, हे कळवायला हा कागूद. फोनवर तू 'हॅलो' म्हणती, मी 'कोण' म्हणते, आन् माझ्या कानात निस्त्या मधमाश्या. म्हून शेजारच्या अमिनाला धरलंय. ती शिवणयंत्रावर पाय हालवीत माझं बोलणं ऐकती, मंग कागदावर उतरवती. तिला बजावलंय, जसं बोलते तसंच लिही, माझ्या बोलण्याला फॉल-पिको करू नको. तिचा नवरा मुबारक कापड आणायला छावणीच्या बाजारात जातो, तो तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज. साखर घालून पाज. तुझा चहा लोकांना औषध वाटतो.

तर बातमी तुला फोनवर कळलीच असंल, पण माझ्या तोंडून ऐक. तुझ्या भावाला लेक झाली, पंधरा दिस होऊन गेले. अजिनाथ कंपनीतनं पेढे घेऊनच आला. तुझी वहिनी रत्नमाला धड हाये. पोरगी नाकानं माझ्यावर गेली, रंगानं देवाची किरपा. तुझा बाप कडुबा नात बघून रडला आन् म्हणला, मेंढरांची धूळ डोळ्यात गेली. घरात मेंढरू नव्हतं.

सवा महिना भरला का बाळंतीण इहीर पुजायला जाईल. तू ये. आसरांची वटी भरायची, इहिरीच्या पाण्याचं बोट पोरीच्या जिभेला लावायचं. तुझ्या शाळेतल्या पोरांना ठाऊक नसंल, त्यांना सांग, आसरा म्हंजी पाण्यातल्या सात बहिणी. खूश झाल्या तर आसरा देत्यात, रुसल्या तर घरातलं लेकरू मागत्यात. नावच तसलं. दारात उभं राहायचं, आत घेत्यात का ओढत्यात ते त्यांच्या मर्जीवर.

आनखी एक. पोरगी झाल्यापास्नं भर दुपारी इहिरीतनं बांगड्या वाजत्यात. मोटर बंद, पाखरू नाय, दोर बी हालत नाय. अमिना म्हणती, खापर पडलं असंल. असंल बाई. पण खापराला लय कशी असंल?

तुझी आजी

(वहिनी म्हणू का ताई म्हणू? ताईच म्हणते. ताई, सलाम. मावशी बोलतात ते सगळं लिहिते. कंसातलं तेवढं माझं. — अमिना)

*

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२३ फेब्रुवारी २०२५

माझ्या खोडकर आजीला,

मुबारकभाईंना साखर घालून चहा दिला. दोन कप प्यायले आणि म्हणाले, "मावशी उगाच बदनामी करती." आता बोल!

अजूला फोनवर चिडवून झालं. भाचीचं नाक तुझ्यावर गेलंय म्हणजे पुढं घरात कुणाचं चालणार नाही, हे नक्की. सवा महिन्याला मात्र मला येता यायचं नाही. दहावीच्या परीक्षेच्या ड्युट्या लागल्यात. माझ्या वाटची ओटी तू भर.

आणि बांगड्यांचं म्हणशील, तर उन्हाळ्याच्या तोंडाला विहीर खोल जाते. खोल विहिरीत कपारीतला थेंब पडला तरी घुमतो. थेंबाला लय असते, आजी.

तू लिहिलंस आणि ती विहीर जशीच्या तशी डोळ्यांपुढं आली. काठाला चिकटून आपला मेंढवाडा, पहाटेचा तो लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास, शेंदूर लावलेले सात दगड आणि त्यांच्या कडेला तो आठवा धाकटा, बिनशेंदराचा. तो कुणाचा म्हणून लहानपणी विचारलं की चिमटा मिळायचा. आता मी लांब आहे, चिमटा पोचणार नाही. सांग, कुणाचा?

एक काम कर. आमच्या शाळेत पाणी तपासायच्या छोट्या कुप्या आल्यात. आपल्या विहिरीचं पाणी एका स्वच्छ धुतलेल्या बाटलीत भरून पाठव. पोरांना दाखवीन. आसरा सापडल्या तर कळवते.

तुझी बाणाई

*

थोरली वस्ती
९ मार्च

मास्तरीणबाई,

चिमटा अजून शिल्लक हाये. राखून ठेवलाय.

पाणी पाठवलंय. बाटली सरबताची हाये, तीनदा धुतली, अमिनानं वास घेऊन बघितली. पाणी चवीला लई गोड. तुम्हा शहरातल्यांचं फुळकवणी, आमच्या पाण्याला अंग हाये. करमाडला पाव्हणा आला की आपल्या इहिरीचं पाणी पिऊन म्हणतो, व्हय, हे पाणी. नळ बी आलाय म्हणा वस्तीत. नळ आलाय, पाणी यायचंय.

इहीर पुजली. हिरवा चुडा, दहीभात, खण, समदं केलं. रत्नमालेनं बोट बुडवून पोरीच्या जिभेला लावलं. पोरीनं तोंड असं केलं की जसं काय तिला त्या पाण्यातलं समदं ठाऊक हाये. बाया हसल्या. मी नाय हसले.

रत्नमालेला मधी लई ताप आला. तापात दूध गेलं. मेथ्या दिल्या, अळीव दिलं, काय उपेग नाय. आता डब्यातली भुकटी आणलीय अजिनाथनं. डब्यावर एक गोरं लेकरू हासतंय. गरम पाण्यात भुकटी कालवायची का झालं दूध. मी म्हणलं, अरं गाय कुठं हाये ह्यात? तर अजिनाथ म्हणतो, आजे, गाय डब्यात हाये.

बांगड्या वाजत्यात. थेंब म्हण, खापर म्हण. कालच्याला माझ्या नावानं वाजल्या.

आजी

(ताई, मी पण गेले होते ऐकायला. मला कायबी ऐकू आलं नाही. पण मावशींचा चेहरा बघितला, आणि तो बघून मी घरी पळत आले. — अमिना)

*

पुंडलिकनगर
१५ मार्च

आजी,

आसरा सापडल्या नाहीत. दुसरंच सापडलं.

कुपीत आपलं पाणी घालून ठेवलं होतं. चांगलं पाणी असेल तर ते पिवळसर तसंच राहतं. आपलं दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट झालं, डांबरासारखं. सगळा वर्ग "ईऽऽ" करून ओरडला. मी नाही सांगितलं कुणाच्या विहिरीचं ते. त्याचा अर्थ असा, की पाण्यात शेणा-लेंड्यांमधले जंतू आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत. तुमचं गोड पाणी म्हणजे असं आहे.

मोठ्या माणसांना सवय झालेली असते, पण पोरगी दोन महिन्यांची पण नाही. आजपासून तिच्या दुधाचं पाणी उकळून घ्या. नुसतं कोमट नाही, खळखळून उकळा. जितकं जास्त उकळाल तितकी मी निर्धास्त. वहिनीला सांग, आणि तू स्वतः लक्ष ठेव. तुझ्याएवढं कुणी लक्ष ठेवत नाही.

आसरांना भिऊ नकोस. जंतूंना भी.

तुझी बाणू

*

थोरली वस्ती
२५ मार्च

बाणू,

तू पाण्याला काळं म्हणली. अगं, आसरांनी काजळ घातलं असंल, तुमच्या शाळेत यायचं म्हून नटल्या असत्याल.

पण तुझा शब्द खाली पडू दिला नाय. रत्नमालेला म्हणलं, नणंद शिकलेली हाये, तिनं सांगितलंय, उकळायचं. आता ती पोर उकळती म्हंजी काय, बुडबुडा आला का उतरवती. मी म्हणलं, सरक तिकडं. म्या जलमभर काढे केलेत. औषधाचं पाणी कसं करत्यात मला शिकवू नको. शेराचं पावशेर होऊस्तोवर आटवायचं, तवा त्याच्यात गुण उतरतो. चुलीवर मोठं पातेलं ठेवते, खालनं तुराट्या सारते, आन् बसते. आटून आटून तळाला येतं तवा उतरवते. त्या पाण्यात पोरीचं दूध.

आन् काय सांगू, तू म्हणली ते खरं निघालं! पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. जाड, दगडागत. म्या अजिनाथला दावलं, हे बघ मेलेले जंतू, पार पीठ झालं त्यांचं.

मी चुलीम्होरं बसते, पाणी बोलतं. आधी गुणगुणतं, मंग खळखळतं, मंग आटत आलं का आतनं बांगड्यांगत वाजतं. इहिरीतल्या बाया पातेल्यात येऊन बसल्या का काय, देवाला ठाऊक. पण उकळत्या पाण्यात त्या काय करणार? मरू दे त्यांना बी. कधी न्हाई ते बरं वाटलं.

पोरगी बरी हाये.

आजी

(ताई, शेवटचं वाक्य मावशींनी लिहायला लावलं म्हणून लिहिलं. पोरगी बरी नाही. चार दिवस झाले, नखं आणि ओठ निळसर दिसतात. आंघोळीनंतर जास्त. रडत नाही, नुसती झोपून राहते. रत्नमालानं विचारलं तर मावशी म्हणतात थंडीनं. मार्चमध्ये कसली थंडी? मावशींनी तिच्या दंडाला काळा दोरा बांधलाय, रोज मीठ-मोहऱ्या उतरवतात, आणि मला म्हणतात, "बाणूला लिहू नको, आसरा लागली हे कागदावर आलं का खरं होतं." मी शिवणवाली बाई आहे, रंग मला कळतात. हा निळा मी कुठल्या कापडात बघितला नाही. मुबारकना सांगितलंय, आज बाजार नंतर, आधी तुमच्याकडं. अल्ला के वास्ते, हे वाचल्या वाचल्या अजिनाथभाईंना फोन करा. — अमिना)

*

छत्रपती संभाजीनगर, दवाखान्यातून
३० मार्च

आजी,

अजूनं तुला सांगितलं असेलच की पोरगी वाचली. तरी मी लिहिते. अमिनाताईंच्या तोंडून सावकाश ऐक, मध्ये उठू नकोस.

अजू आणि वहिनी तिला घेऊन आले, तेव्हा ती माझ्या हातात राखेच्या रंगाची होती. दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजन लावला, तरी रंग पालटेना. मग एका डॉक्टरीणबाईंनी सुईनं रक्त काढलं. आजी, ते लाल नव्हतं. काकवीसारखं होतं, तपकिरी. बाईंनी आमच्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिते? विहिरीचं?"

तुला तुझ्या भाषेत सांगते. विहिरीच्या पाण्यात जंतूंशिवाय आणखी एक असतं, नायट्रेट म्हणतात. लेंड्या, मूत, खत, हे सगळं मातीतून झिरपत पाण्यात गेलं की ते तयार होतं. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्यांना लगेच कळून येत नाही, पण तान्ह्या लेकराच्या रक्ताला ते धरून ठेवतं. रक्तानं श्वास उचलायचा असतो, तो त्याला उचलता येत नाही. छातीत हवा जाते, आणि लेकरू आतून गुदमरतं. निळं पडतं.

आणि उकळून ते जात नाही. जंतू मरतात, हे मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते पातेल्यात राहतं. जितकं आटवावं तितकं दाट होतं.

'जितकं जास्त तितकी निर्धास्त' हे मी लिहिलं होतं, आजी. मी उकळा म्हणाले आणि तू आटवलंस. आपण दोघींनी मिळून केलं, आणि दोघींनी तिच्या जिवासाठीच केलं. हे नीट ऐकलंस ना? अमिनाताई, हे वाक्य तिला दोनदा वाचून दाखवा.

आता तुला आवडेल असं सांगते. औषध कुठल्या रंगाचं होतं माहितीये? निळं. शाईसारखं निळं. ते शिरेतून सोडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत तिच्या ओठांवर रंग चढत गेला, जसा पापडावर चढतो. मग ती रडली. सगळा वॉर्ड बघायला लागला, इतकी रडली. तुझंच नाक, तुझाच गळा.

विहिरीचं पाणी आता खऱ्या प्रयोगशाळेत दिलंय. तोवर तिच्या तोंडात एक थेंब नको. अजू करमाडहून जारचं पाणी आणेल.

बाणू

*

थोरली वस्ती
६ एप्रिल

बाणू,

ते वाक्य अमिनानं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचाया लागली तवा म्या तिचं तोंड धरलं.

निळ्याला निळं औषध. चोर पकडाया चोरच लावला म्हणायचा. रत्नमाला सांगती, दोन दिस पोरीची लंगोटी हिरवी-निळी निघत व्हती. म्या म्हणलं, उतरली. आसरा लंगोटीत उतरली. रत्नमाला पह्यल्यांदा हासली.

आता चिमटा काढते. तू इचारलं व्हतं, आठवा दगड कुणाचा.

तुझा बाप कडुबा. कडू नाव का ठेवलं, कधी इचारलं नाय तू. ज्या घरातलं आधीचं लेकरू गेलं त्या घरात पुढच्याला कडू नाव ठेवत्यात, म्हंजी नेणाऱ्याला चव लागू नये. कडुबाच्या आधी एक व्हता. थोरला. त्याचं बारसं बी नव्हतं झालं, म्हून त्याला नाव नाय. निस्ता थोरला.

दुष्काळाचं साल. माझं दूध आटलं. सासू त्याला गुळपाणी पाजायची, आपल्याच इहिरीचं. आन् एक दिस सकाळी त्याची नखं जांभळी. मंग ओठ. थंड नाय, ताप नाय, निस्ता निळा. समद्या म्हणल्या, आसरा लागली. सुईण म्हणली, पाण्याचा रंग पाण्यात गेला. इहिरीच्या कडेला दगड मांडला.

तवापास्नं माझं आन् त्या सात जणींचं भांडण हाये. दर अवसेला दहीभात देते आन् शिव्या बी देते. भात त्यांचा, शिव्या माझ्या. बाणू, इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोलते. तुझ्या आज्याशी बोलले नाय इतकं. त्या बी बांगड्या वाजवून उत्तर देत्यात. मी म्हणायची, माझं लेकरू घेतलं, आता निदान नीट सांभाळा. कुणी अंगाला काय लावलं, कुणी जोजवलं, मी इचारायची आन् त्या वाजायच्या.

आन् तू म्हणती, लेंड्या.

खरं सांग. मास्तरीण म्हून सांग, नात म्हून नको. थोरला असाच गेला का? आसरा नव्हत्याच का तिथं? मंग तो कुणापाशी हाये?

आजी

(मावशी जेवल्या नाहीत. लिहायला नको म्हणाल्या, तरी लिहिते. — अमिना)

*

पुंडलिकनगर
१६ एप्रिल

आजी,

तुझं पत्र शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास घेतला नाही.

मास्तरीण म्हणून सांगते. थोरल्याचं रक्त तेव्हा कुणी काढून बघितलं नाही, म्हणून छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही. पण तू सांगतेस ते, दूध नाही, विहिरीचं पाणी, ताप नाही, निळी नखं, हे सगळं आपल्या पोरीसारखंच आहे. मी खोटं बोलणार नाही. मला वाटतं, असाच गेला. आणि तुझ्या सासूबाईंचा किंवा तुझा त्यात काही दोष नाही, कारण तहानलेल्या लेकराला पाणी पाजणं हा दोष नसतो.

तो कुणापाशी आहे, ते मला माहीत नाही. हे मास्तरीणही सांगते आणि नातही.

अहवाल आला. आपल्या विहिरीत नायट्रेट जितकं चालतं त्याच्या कितीतरी पट आहे. पाणी खाली गेलं की आणखी दाट होतं. तिथल्या बाईंनी विचारलं, विहिरीजवळ काय आहे? म्हटलं, मेंढवाडा. केव्हापासून? मी म्हटलं, विहीर आहे तेव्हापासून. आपणच मेंढरं तिथं बसवली, आसरांची राखण म्हणून. पिढ्यान्‌पिढ्यांचं मूत आणि लेंड्या त्या मुरमातून खाली गेल्यात.

वाडा हलवायला हवा, खालच्या अंगाला, लांब. लगेच पाणी सुधारणार नाही, वर्षं लागतील, पण सुरुवात तिथून. आणि वस्तीतल्या कुठल्याच तान्ह्याला ते पाणी नको. गरोदर बाईलाही नको. मी अण्णांना, तुझ्या लेकाला, फोन केला. ते म्हणाले, "बापजाद्यांची जागा आहे, आसरांची राखण मोडली तर वस्ती राहायची नाही." अहवाल वाचून दाखवला तर म्हणाले, "कागद मेंढी खाते." आणि वस्तीतल्या आणखी दोन घरी बाळंतपणं आहेत, वहिनी सांगत होती.

माझं कुणी ऐकत नाही, आजी. तुझं ऐकतील का?

बाणू

*

थोरली वस्ती
४ मे

बाणू,

लिहायला उशीर झाला. अमिनाला लगीनसराईचे ब्लाऊज, आन् मला तोंड नव्हतं.

तुझा बाप कडुबा नावासारखाच. त्याला म्हणलं, मेंढरं हालव. तर म्हणतो, आये, बाणीच्या कागदावर मेंढरं चालत नसत्यात. अजिनाथ 'नायट्रेट, नायट्रेट' करून घसा कोरडा करून बसला. वस्तीत कुणाला ते नाव धड बोलता येईना. 'लायटरेट' म्हणत्यात, आन् वर बघत्यात, लायटीच्या तारंला. ज्याचं नाव घेता येत नाय त्याला कोण भिणार?

मंग म्या इचार केला. ज्याला भित्यात त्याच्याच तोंडून सांगावं.

अक्षय तृतीयेला आसरांचा निवद असतो. समदी वस्ती इहिरीवर. मी जलमात कधी घुमले नाय. सासू घुमायची, जाऊ घुमायची, मी त्यांच्या पदराच्या गाठी सोडत हासायची. त्या दिवशी म्या केस मोकळे सोडले. किती ऱ्हायलेत म्हणा, तरी सोडले. आन् घुमले. लई भारी घुमले बाणू, तू बघाया पाहिजे व्हती. डाव्या गुडघ्यानं साथ दिली नाय, तरी.

दोनच वाक्यं घोकून गेले व्हते. पह्यलं, "आमच्या अंगणात मेंढरं मुतत्यात, काढा ती." दुसरं, "दात येईस्तोवर कुण्या लेकराला आमचं पाणी पाजाल तर नेऊ." दोन्ही बोलले. कडुबानं तिथंच माझ्या पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिशी मेंढरं खालच्या माळाला. दोन्ही बाळंतिणींच्या घरी जारचं पाणी यायला लागलं. पोटुशा बायांसाठी बी तेच. तुझ्या अहवालाला जे जमलं नाय ते एका गुडघ्यानं केलं. तू रागावशील, मास्तरीण हाये. रागाव. पण आधी हास.

आता अमिनाला काय लिहायचंय ते लिहू दे. मला म्हणली, मी हे लिहिल्याबिगर कागूद देणार नाय.

(ताई, मी तिथं होते, पहिल्या रांगेत. मावशींनी मला आधी सांगितलं होतं की नाटक आहे, म्हणून मी तोंडाला पदर लावून हसू दाबत होते. दोन वाक्यं झाली. लोक पाया पडले. मला वाटलं, आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत. मान खाली गेली, आणि मग एक आवाज आला, बारीक, लेकराचा. मावशींच्या तोंडातून आला, पण मावशींचा नव्हता. म्हणाला, "मला तहान लागलीय." बस. एवढंच. माझ्या हातातली दहीभाताची ताटली खाली पडली. — अमिना)

अमिना म्हणती, म्या तिसरं वाक्य बोलले. मला आठवत नाय. ती खोटं बोलत नाय, तिचा चेहरा खोटं बोलायच्या मापाचा शिवलेलाच नाय. म्हणलं, घशाला कोरड पडली असंल, म्हातारी बाई घुमली का तहान लागतीच.

मंग दोन दिस इहिरीकडं गेले नाय. दुपार झाली का कान झाकायची. माझे कान, झाकले काय न् उघडे काय, पण झाकायची.

तिसऱ्या दिशी उठले. अजिनाथनं करमाडहून आणलेल्या जारमधनं तांब्याभर पाणी घेतलं, पोरीच्या वाटचं. थंडगार, चव नाय, अंग नाय, तरी घेतलं. पदराखाली धरून गेले. वाडा नव्हता तर इहीर लई उघडी वाटली, नागवी. लेंड्यांचा वास विरळ झालाय. आत वाकून बघितलं. पाणी तळाला, त्यात मी, एवढीशी.

सात जणींना म्हणलं, बायांनो, इतकी वर्षं शिव्या दिल्या, तुम्ही घरात नव्हता म्हणत्यात. असला तर पोटात घाला. नसला तर हरकत नाय.

मंग बांगड्या वाजल्या. लय धरून. अगदी जवळनं.

म्या आठव्या दगडावर निम्मा तांब्या वतला, निम्मा आत सोडला. आन् खाली वाकून म्हणलं, हे घे. इथलं पिऊ नको, बाळा. आता रोज घरनं आणीन.

आजी